लाल शेपटीचा पोपट

लग्न होऊन मी पोंभुर्ण्याला आले तेव्हा घरात माणसं चार होती आणि पोपट एक. सासरे, सासूबाई, माझे यजमान आणि मी, ही माणसं. पोपट मेलेला होता, त्याला मरून तीस वर्षं होत आली होती, पण घरात सगळ्यात जास्त मान त्याचाच. ओसरीच्या कोनाड्यात काच लावलेल्या लाकडी पेटीत तो एका वाळक्या फांदीवर बसलेला असे. हिरवं अंग, लाल चोच, हे सगळं कुठल्याही पोपटासारखंच होतं. शेपटी मात्र लालभडक. ती पेटी सासऱ्यांशिवाय कोणी पुसायची नाही असा घरचा नियम होता. मी पहिल्याच आठवड्यात ती पुसली, आणि मग मला नियम कळला.

सासरे जंगल खात्यातले निवृत्त नाकेदार. नाकेदार म्हणजे जंगलाच्या एका तुकड्याचा राखणदार. वणवा विझवायचा, चोरटी तोड पकडायची, सागाच्या खोडांवर खुणा करायच्या, आणि जे जे दिसेल ते साहेबाला कळवायचं. तरुणपणी त्यांचा नाका एटापल्लीकडे होता. तिथे एका उन्हाळ्यात कुसुमाच्या झाडावर त्यांनी सहा पोपट पाहिले. सहाही जणांच्या शेपट्या लाल. सासरे शिस्तीचे माणूस. त्यांनी रीतसर कागद लिहून वर पाठवला. साहेब गोरा होता. त्याने कागदावर लाल शाईने शेरा मारला, की नाकेदाराने त्या दिवशी मोहाची घेतली असावी.

हा शेरा कचेरीत वाचून दाखवला गेला, तिथून नाक्यानाक्यावर पोचला, आणि सासऱ्यांच्या आधी त्यांच्या गावी आला. ज्या माणसाने जन्मात मोहाच्या दारूला बोट लावलं नव्हतं, त्याला लोक रस्त्यात अडवून विचारत, ‘काऊन जी, आज किती पोपट दिसले?’ मी आले तेव्हाही बाजारात एखादा म्हातारा हे विचारायचा. सासरे सरळ चालू लागत. घरी येऊन पेटी पुसत बसत.

पेटीतला पोपट त्या सहांपैकी नव्हता. पुढच्या वर्षी गारपीट झाली, आणि त्याच कुसुमाखाली सासऱ्यांना एक मेलेला पोपट सापडला. चिखलाने इतका माखलेला, की शेपटीचा रंग धड दिसत नव्हता. पण झाड तेच होतं, त्यामुळे त्यांना शंका आली नाही. त्यांनी तो पळसाच्या पानांत बांधला आणि चांद्याला जाणाऱ्या एका बैलगाडीवाल्याच्या हाती दिला. सोबत चिठ्ठी, की हा पक्षी नीट भरून पाठवणे, याची शेपटी लाल आहे. महिनाभराने पोपट पेटीत बसून परत आला. तेव्हापासून तो घरात होता. तसला जिवंत पोपट मात्र पुन्हा कोणालाच दिसला नाही, सासऱ्यांनाही नाही. ते म्हणत, ती जातच संपली, मी पाहिले ते शेवटचे.

आता आमच्या घरातली बोलण्याची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुनेने सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही. मी चांद्याची, सातवी पास, आणि माहेरी माझ्या बडबडीला सगळे कंटाळलेले. मला ही रीत म्हणजे शिक्षा होती. सासऱ्यांना मला काही सांगायचं असलं की ते ओसरीच्या खांबाकडे बघून सासूबाईंना सांगत, सासूबाई तेच मला सांगत, आणि मी दाराआडून जे उत्तर देई ते सासूबाई पुन्हा खांबाकडे पोचवत. आम्ही तिघं चार हातांच्या आत असायचो. सासऱ्यांना मी काय बोलले ते स्वच्छ ऐकू गेलेलं असे. तरी ते सासूबाईंकडून आल्याशिवाय त्यांच्या लेखी बोलणं झालेलंच नसे. सासूबाई मूळच्या सिरोंच्याच्या. त्या कंटाळल्या की तेलुगूत पुटपुटत, आणि त्या पुटपुटण्याचा अर्थ त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितला नाही.

अशा तऱ्हेने आम्ही पत्रं लिहिली. नागपूरच्या एका कॉलेजातले प्रोफेसर आपल्या भागातल्या नाहीशा झालेल्या पाखरांची माहिती जमवतात, असं यजमानांच्या कानावर आलं होतं. सासऱ्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला, की दुसऱ्या दिवशी मी दाराआड कागद घेऊन बसले. सासरे खांबाला मजकूर सांगत. सासूबाई तो मला सांगत. पंखांची लांबी, मानेचा काळा पट्टा, शेपटीचा रंग, बसण्याची ढब. त्यातलं प्रत्येक वाक्य सासूबाईंच्या तोंडून माझ्याकडे येई, तेही तांदूळ निवडता निवडता. मधेच त्या म्हणत, ‘आता आनखी काय तर मान तिरपी करत होते म्हनते. लिव.’

प्रोफेसरांचं उत्तर आलं. धानाची मळणी आटोपली की मी स्वतः येतो, पक्षी जपून ठेवा, अशी जात खरोखर होती असं ठरलं तर ती मोठीच गोष्ट होईल. सासऱ्यांनी पत्र आपल्या पेटाऱ्यात ठेवलं नाही, सदऱ्याच्या खिशात ठेवलं. त्यांना ना पैसा हवा होता ना नाव. एवढंच हवं होतं, की कोणीतरी शिकलेल्या माणसाने एका कागदावर लिहावं, हा नाकेदार शुद्धीवर होता. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण ते खिशाला हात लावत, तेव्हा मला ते ऐकू येई.

दिवाळीला मी माहेरी गेले. आईने गाद्या पिंजायला काढल्या होत्या, आणि आमच्या चांद्याच्या परकोटाआतला म्हातारा पिंजारी अंगणात धनुकली घेऊन बसला होता. आम्ही त्याला लहानपणापासून चाचा म्हणायचो. कापूस उडत होता, चाचाच्या दाढीत बसत होता, आणि मी, जी वर्षभर खांबाशी बोलून बोलून घुसमटले होते, ती सासरच्या सगळ्या गोष्टी भडाभडा सांगत सुटले. पोपटावर आले तशी धनुकली थांबली.

‘एटापल्लीचा तोता?’ चाचा म्हणाला. ‘लाल दुमवाला? बेटी, वो तो मैंनेच भरा था.’

मला आनंद झाला. मी म्हटलं, चाचा, मग तुम्ही तर साक्षीदार झालात.

‘साक्षीदार कायका,’ चाचा म्हणाला. ‘वो दुम तो मेरी बनाई हुई है.’ मग त्याने सगळं सांगितलं. बैलगाडीला चार दिवस लागले होते. पानांचं पुडकं सोडून पाहिलं तर पक्षी ठीक होता, पण शेपटी मुंग्यांनी खाऊन टाकलेली. चाचा गाद्या, लोड, तक्के भरणारा माणूस, आणि बैलगाडीवाल्याला ‘भरणारा’ म्हणून तोच माहीत. जन्मात पहिल्यांदाच पाखरू भरायला आलेलं. ‘चिठ्ठीत लिव्हलं होतं, दुम लाल. अब गिऱ्हाईकचा माल बिना दुमका कैसे भेजता?’ मग त्याने कोंबड्याची लांब पिसं निवडली, लाखेच्या रंगात तीनदा बुडवून सुकवली, आणि तारेवर बांधून आतल्या कापसात बसवली. एवढं सांगून तो पुढे वाकला. ‘रंग टिकला ना? उडला तर नाई?’

मी म्हटलं, टिकलाय. एका थेंबाएवढाही उडाला नाही. चाचा इतका खूष झाला, की त्याने आमच्या एका उशीचे पैसे घेतले नाहीत.

परत येताना मोटारीत मला एकच दिसत होतं. प्रोफेसर येणार, भिंगाने बघणार, आणि तार त्यांना दिसणार. मग साहेबाने म्हटलं त्याहून वाईट ठरणार. तेव्हा सासरे नुसते दारुडे होते, आता लबाड. मला चाचाचा राग आला, बैलगाडीवाल्याचा आला, मुंग्यांचाही आला. सासऱ्यांचा येऊन पाहत होता, पण आला नाही. त्यांनी चिठ्ठीत खरं तेच लिहिलं होतं. त्यांच्याच शब्दावरून शेपटी झाली होती, आणि तीच शेपटी ते तीस वर्षं आपल्या शब्दाचा पुरावा म्हणून पुसत होते. एकाच बाबतीत मी स्वतःला समजावलं, की शेपटी खोटी निघाली म्हणून काही ते सहा पोपट खोटे ठरत नाहीत. पण हे लोकांना कोण सांगणार.

मी सासूबाईंना चुलीपाशी गाठून सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुम्ही मामाजींना सांगा. सासूबाईंनी हातातलं लाकूड चुलीत सारलं.

‘मी आजपावेतो तुमचं सारं इकडून तिकडं नेलं,’ त्या म्हणाल्या. ‘हे नाई नेत. तुले समजलं, तूच सांग.’

‘पन मी कशी बोलू त्यांच्यासंग?’

‘तोंडानं,’ सासूबाई म्हणाल्या.

दुपारी सासरे ओसरीवर होते. मी डोक्यावरचा पदर नीट केला, दाराबाहेर आले आणि त्यांच्याकडे पाठ करून म्हटलं, ‘मामाजी.’ लग्नानंतरचा माझा त्यांच्याशी हा पहिला शब्द. ते एवढे दचकले, की खांबाकडेच बघायला लागले. पण मला एकदा तोंड उघडलं की थांबता येत नाही. मी भिंतीकडे बघत पुडकं, मुंग्या, कोंबडा, लाख, सगळं एका दमात सांगून टाकलं. चाचा किती प्रामाणिक आहे तेही सांगितलं, त्याची गरज नव्हती तरी.

मागून पेटीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. सासरे ओलं बोट त्या शेपटीवरून फिरवत होते.

‘कोंबडा,’ ते म्हणाले. ‘जंगलात जन्म गेला माहा, आनि मले कोंबड्याचं पीस ओळखू नाई आलं.’

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण वरण वाढलं की भात ते विचारलं तर सांगता आलं नसतं. मला इतकं वाईट वाटलं, की वाटलं आपली जीभ कापून ठेवावी. मी ठरवलं होतं, प्रोफेसरांना पत्र टाकू की पोपट उंदरांनी नेला. तेही मी त्यांना समोरासमोर सुचवलं. आता रीत मोडलीच होती. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, चक्क माझ्याकडे.

‘उंदरावर काऊन आळ घ्यायचा,’ ते म्हणाले. ‘येऊ दे त्याईले. पयलं तेच सांगतो.’

‘मग तुमच्याजवळ काय राह्यते?’ आतून सासूबाईंनी विचारलं.

‘मी राह्यतो ना.’

एवढं बोलून ते धानाच्या बांधीवर निघून गेले, आणि त्या दिवसापासून पुन्हा नीट जेवायला लागले.

प्रोफेसर पौषात आले, चांद्याहून लाकडाच्या ट्रकवर बसून. म्हातारे असतील असं आम्ही धरलं होतं. हे तिशीतले, काटकुळे, केसांपासून बुटांपर्यंत लाल धूळ. आंघोळीला पाणी काढेपर्यंत अर्धं गाव आमच्या अंगणात जमलं होतं. बाजारातले ते विचारणारे म्हातारे तर सगळ्यात पुढे, आपापली बसायची पोती घेऊन. सासूबाईंनी लाखोळीच्या डाळीचे वडे तळायला घेतले होते, आणि त्या वासाने आणखी माणसं येत होती.

प्रोफेसर खाटेवर टेकले न टेकले तोच सासरे उभे राहिले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, ‘साहेब, शेपटी खोटी आहे. पिंजाऱ्यानं लावली. मले आता आता समजलं.’

अंगणात असा हशा उठला, की शेजारची कोंबडी आढ्यावर गेली. प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी पेटी मागितली, पोपट काढला, उलटा केला, आणि शेपटी हलक्या हाताने ओढली. ती तारेसकट निघून आली आणि मागून कापूस डोकावला. त्यांनी तार नीट पाहिली. ‘काम फार सुबक आहे,’ ते म्हणाले. मी मनात ठरवलं, हे चाचाला सांगायचं. मग त्यांनी उरलेला पक्षी भिंगाखाली धरला, पंख मोजले, आणि सांगितलं, की हा आपला नेहमीचा पोपट आहे. गारपिटीत मेलेला, एवढंच.

सासऱ्यांनी मान हलवली. त्यांना हे अपेक्षित असावं.

‘आता त्या सहांबद्दल सांगा,’ प्रोफेसरांनी वही उघडली. ‘त्या दिवशी तुमच्यासोबत कोणी होतं?’

‘एक गोंड बुढा होता, वाट दाखवनारा. तो गेला आता.’

‘त्याने पाहिले होते?’

‘त्याले मोतीबिंदू होता,’ सासरे म्हणाले. ‘आवाज आयकला त्यानं.’

‘आवाज कसा होता म्हणाला?’

‘पोपटासारखा.’

पुन्हा हशा झाला, आणि या वेळी प्रोफेसरांनाही आवरलं नाही. सासरेसुद्धा थोडे हसले. पण मी त्यांच्याजवळ उभी होते, त्यांनी सवयीने रिकामी पेटी पुसायला घेतली होती. प्रोफेसर म्हणाले, म्हणजे दुसरा साक्षीदार नाही.

‘लिवा,’ दारातून सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या हाताला वड्याचं पीठ होतं. बाहेरच्या पुरुषांसमोर त्या कधी येत नसत. आज त्या उंबरा ओलांडून सरळ खाटेपर्यंत आल्या. ‘मी बी पायले ते पोपट. सहा होते. कुसुमावर. दोन वरच्या फांदीवर, चार खाली. मानेले काळा पट्टा. शेपट्या लाल, टोकाले थोड्या फिक्या. एक मान तिरपी करून आमच्याकडे पाहून राह्यला होता.’

बाजारातले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्या तीस वर्षांच्या चेष्टेला पहिल्यांदाच अडसर आला होता. प्रोफेसर भराभरा लिहीत होते. मला हसावं की रडावं कळेना, कारण हा सगळा आमच्या पत्रातलाच मजकूर होता हे मला माहीत होतं, आणि घरात आणखी एकाला माहीत होतं.

‘खोडा ते, साहेब,’ सासरे म्हणाले.

‘का?’

‘हे तवा सिरोंच्याले माहेरी होती. नांदाले यायची होती अजून. हिनं एटापल्ली पायली त्याच्यानंतर दोन वर्सांनी.’

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की दुसरा कोणी असता तर अंगणाबाहेर गेला असता. काहीतरी लांबलचक तेलुगूत बोलल्या आणि पीठ झटकत आत गेल्या. प्रोफेसरांनी लिहिलेलं खोडलं. मग त्यांनी नवं पान काढलं, त्यावर थोडंसं लिहिलं, खाली सही केली आणि पान फाडून सासऱ्यांना दिलं. सासऱ्यांचा चष्मा आत होता. त्यांनी ते पान माझ्याकडे दिलं आणि सगळ्या गावासमोर मला म्हणाले, ‘वाच, सूनबाई. मोठ्यानं वाच.’

मी वाचलं. लाल शेपटीचा पोपट या भागात होता हे सिद्ध होत नाही, पुरावा अपुरा आहे. पाहिल्याचे सांगणारा वनरक्षक पूर्ण विश्वासार्ह आहे.

सासऱ्यांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा अंगणात कोणी हसत नव्हतं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांतला एक उठून सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. बाकीचे वड्यांसाठी थांबले, आणि ते वाजवीच होतं. त्या दिवशी आमच्याकडे दोन पायल्या डाळीचे वडे संपले. सासरे स्वतः वाढत फिरत होते. त्यांना एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

निघताना प्रोफेसर सासूबाईंना नमस्कार करायला स्वयंपाकघराच्या दाराशी आले. सासूबाईंचा राग उतरला नव्हता. प्रोफेसरांनी हसून विचारलं, ‘बाई, तुम्ही तिथे नव्हतात, तरी एवढं ठामपणे कशाच्या भरवशावर सांगितलंत?’

सासूबाईंना तो प्रश्नच कळला नाही असं दिसलं. त्यांनी कढईतला शेवटचा वडा काढला.

‘मी नवती तिथी,’ त्या म्हणाल्या. ‘पन हे होते ना.’

सासरे पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यामागेच उभे होते. त्यांनी ते ऐकलं.